राहण्यायोग्य शहरांच्या याद्या: सुरक्षिततेला किती वजन, उत्पन्नाला किती? मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राहण्यायोग्य शहरांची नवी यादी जाहीर झाली की आपल्याकडे दोन सूर हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, आपलं नाव वर नाही म्हणजे आपण मागासच. दुसरा म्हणतो, असल्या याद्या मोठ्या शहरांसाठीच बनतात, त्यांचं आपल्याला काय. यादी तयार कशी झाली, हे बघायच्या आधीच दोघांचं मत ठरलेलं असतं. खालचे प्रश्न पालक, शिक्षक आणि नोकरीसाठी गाव सोडू की नको या विचारात असलेली तरुण मंडळी पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरांत माहिती आहे आणि मतही आहे. मत कुठे सुरू होतं ते तिथे तिथे सांगितलं आहे.

यादीत एखाद्या गोष्टीला ‘वजन’ देतात म्हणजे नेमकं काय करतात?

उत्पन्न रुपयांत मोजतात, गुन्हे दर लाख लोकसंख्येमागे, पाणी माणशी लिटरमध्ये. हे आकडे एकमेकांत मिळवता येत नाहीत. म्हणून आधी प्रत्येक आकडा शून्य ते शंभरच्या पट्टीवर आणतात. मग कुठल्या विषयाला किती महत्त्व द्यायचं ते ठरवून गुणाकार करतात आणि शेवटी बेरीज.

समजा, दोन शहरं आहेत. ‘अ’ शहराला सुरक्षिततेत ४० गुण आणि उत्पन्नात ९५. ‘ब’ शहराला सुरक्षिततेत ८० आणि उत्पन्नात ५०. दोन्ही विषयांना निम्मं निम्मं वजन दिलं तर ‘अ’ला ६७.५ आणि ‘ब’ला ६५. ‘अ’ पुढे. आता सुरक्षिततेला ६० टक्के आणि उत्पन्नाला ४० टक्के द्या. ‘अ’ला ६२ आणि ‘ब’ला ६८. ‘ब’ पुढे. दोन्ही शहरांत काहीच बदललेलं नाही. सुरक्षिततेचं वजन ५३ टक्क्यांच्या आसपास गेलं की क्रम उलटतो, एवढंच. म्हणून पहिलं कोण आलं हे विचारण्याआधी वजन किती होतं ते विचारा.

पण वजनं तज्ज्ञ ठरवतात ना? मग ती योग्यच असणार.

तज्ज्ञ ठरवतात, पण कोणासाठी ठरवतात ते महत्त्वाचं आहे. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट या ब्रिटिश संशोधन संस्थेच्या जागतिक यादीत स्थैर्याला २५ टक्के, आरोग्यसेवेला २०, संस्कृती आणि पर्यावरणाला २५, शिक्षणाला १० आणि पायाभूत सुविधांना २० टक्के वजन असतं. स्थैर्यात किरकोळ आणि हिंसक गुन्हे, दहशतवाद, दंगली, युद्धाची शक्यता असं सगळं येतं. लोकांच्या उत्पन्नाचा वेगळा रकानाच तिथे नाही. याचं कारण साधं आहे. परदेशात बदली झालेल्या कर्मचाऱ्याला खडतर जागेचा भत्ता किती द्यायचा, हे कंपन्यांना ठरवता यावं हा या यादीचा एक मूळ उपयोग. त्या माणसाचा पगार कंपनी देते. शहरात स्थानिक माणसाला काय मिळकत होते याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. व्हिएन्ना या यादीत २०२२ ते २०२४ सलग तीन वर्षं पहिलं होतं, २०२५ मध्ये कोपनहेगन पहिलं आलं.

मर्सर या कंपनीची यादीही अशीच, परदेशी पाठवलेल्या कर्मचाऱ्यांच्या नजरेतून बनलेली. त्यांच्या २०१९ च्या यादीत भारतातून हैदराबाद आणि पुणे सगळ्यात वर होते, १४३ व्या जागी. परदेशी पाहुण्याच्या सोयीसाठी बनलेल्या यादीवरून अंबाजोगाईच्या माणसाने स्वतःच्या गावाबद्दल वाईट वाटून घ्यावं, हे मला पटत नाही.

भारत सरकारच्या यादीत या दोन गोष्टींना किती वजन होतं?

केंद्रीय गृहनिर्माण आणि शहरी कार्य मंत्रालयाने २०१८ मध्ये राहणीमान सुलभता निर्देशांक काढला. १११ शहरं होती. भौतिक सुविधांना ४५ टक्के, संस्थात्मक आणि सामाजिक बाबींना प्रत्येकी २५ आणि आर्थिक बाबीला अवघे ५ टक्के. सुरक्षितता सामाजिक भागात शिक्षण, आरोग्याबरोबर बसवली होती. पुणे पहिलं, नवी मुंबई दुसरी, बृहन्मुंबई तिसरी.

पुढची यादी मार्च २०२१ मध्ये आली आणि रचना पार बदललेली होती. जीवनमानाला ३५ टक्के, आर्थिक क्षमतेला १५, शाश्वततेला २०, आणि नागरिकांना विचारून केलेल्या सर्वेक्षणाला ३०. आर्थिक बाबीचं वजन एकदम तिप्पट झालं. सुरक्षितता जीवनमानाच्या ३५ टक्क्यांत घरं, पाणी, शिक्षण, आरोग्य, वाहतूक, करमणूक यांच्यासोबत वाटून घ्यावी लागली. दहा लाखांवरच्या शहरांत बंगळुरू पहिलं आलं आणि पुणे दुसरं. त्या वेळी ‘पुणे घसरलं’ अशी चर्चा झाली. मोजायची पट्टीच बदलली असेल तर घसरलं की सुधारलं हे त्या दोन क्रमांकांवरून ठरवता येत नाही.

या याद्यांत मराठवाडा कुठे असतो?

बहुतेक वेळा नसतोच. केंद्राच्या १११ शहरांत आपल्या आठ जिल्ह्यांमधून फक्त छत्रपती संभाजीनगर होतं. लातूर नाही, नांदेड नाही, जालना, परभणी, बीड, हिंगोली, धाराशिव नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा महानगरांचा तक्ता वीस लाखांवरच्या १९ शहरांचा असतो. त्यात महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर. आपल्याकडचं एकही शहर नाही. ‘देशातलं सर्वांत सुरक्षित शहर’ अशी बातमी येते तेव्हा ती या १९ शहरांतली तुलना असते, हे बातमीत क्वचितच लिहिलेलं असतं.

ज्या एका क्रमवारीत मराठवाड्याचा जिल्हा ठळकपणे आहे ती आकांक्षित जिल्ह्यांची, म्हणजे केंद्राने मागास म्हणून निवडलेल्या जिल्ह्यांची. जानेवारी २०१८ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात महाराष्ट्रातले चार जिल्हे घेतले: नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि आपलं धाराशिव. त्यातली वजनं बघा. आरोग्य आणि पोषण ३०, शिक्षण ३०, शेती आणि जलसंपदा २०, आर्थिक समावेशन आणि कौशल्य विकास १०, पायाभूत सुविधा १०. सुरक्षितता शून्य. उत्पन्नही थेट मोजलेलं नाही. यात चूक आहे असं मी म्हणत नाही. सरकारी योजना गतीने पोहोचतात का हे बघण्यासाठी ती क्रमवारी आहे, आणि त्या कामाला ती ठीक आहे. पण धाराशिव त्यात वर गेलं म्हणजे तिथे रात्री परतणाऱ्या नर्सताईंचा रस्ता सुरक्षित झाला, असा अर्थ कोणी काढू नये.

जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न म्हणजे तिथल्या माणसाची कमाई ना?

नाही, आणि मराठवाड्यात हा फरक समजून घेणं फार गरजेचं आहे.

राज्याच्या आर्थिक पाहणीत जिल्हावार दरडोई उत्पन्न येतं. आपले बहुतेक जिल्हे राज्याच्या सरासरीच्या खाली असतात. पण हा आकडा जिल्ह्याच्या हद्दीत किती उत्पादन झालं यावरून काढतात आणि लोकसंख्येने भागतात. उत्पादन झालं कुठे, हे तो सांगतो. पैसा गेला कुठे, हे सांगत नाही. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यातलं उत्पादन जालन्याच्या खात्यावर पडतं, मालक कुठेही राहत असला तरी. आणि भट्टीजवळ उभ्या असणाऱ्या परप्रांतीय मजुराने आपल्या घरी पाठवलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत.

आता उलट बाजू. बीडच्या वडवणी, धारूर, पाटोदा भागातून नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून उचल घेऊन टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जाते. मार्च-एप्रिलपर्यंत ऊस तोडते. तो घाम सांगली, कोल्हापूर, बेळगावच्या उत्पादनात मोजला जातो. बीडचा आकडा त्यामुळे कमी दिसतो, तिकडचा जास्त. पहाटेच्या अंधारात फडात मोळ्या बांधणारी बाई, पाचटाच्या कोपीत झोपलेली तिची लेकरं, गावाकडे म्हाताऱ्यांच्या भरवशावर ठेवलेली थोरली मुलगी: यांतलं कोण कुठल्या जिल्ह्याच्या सुरक्षिततेत मोजायचं? सहा महिने एका जिल्ह्यात आणि सहा महिने दुसऱ्या जिल्ह्यात राहणाऱ्या कुटुंबासाठी एकाही यादीत जागा नाही. या प्रश्नावर आपल्या विद्यापीठांनी काम करायला हवं असं मला मनापासून वाटतं. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला, सरकारला समिती नेमावी लागली. खाडा पडला की दंड, म्हणून शरीराचीच किंमत मोजायची, ही उत्पन्न आणि सुरक्षितता यांची अदलाबदल कुठल्याही निर्देशांकाच्या तक्त्यात दिसत नाही.

सरासरी जास्त असेल तर गरिबालाही फायदा होतोच की?

थोडा होतो. पण सरासरी वाढवायला चार मोठे उद्योग पुरतात. घराची खरी स्थिती कळायला मधल्या घराची, म्हणजे सगळी घरं कमाईच्या क्रमाने लावली तर मधोमध येणाऱ्या घराची, कमाई बघावी लागते, आणि जिल्ह्यापुरती ती आपल्याकडे सहज मिळत नाही. शिवाय त्या कमाईतून भाडं, शाळा, दवाखाना वजा जाता काय उरतं ते बघावं लागतं. हिंजवडीतला पगार आणि नांदेडमधला पगार नुसते शेजारी ठेवून काही कळत नाही.

गुन्ह्यांचा आकडा कमी म्हणजे गाव सुरक्षित, हे तरी बरोबर ना?

दरवेळी नाही. आकडा नोंदलेल्या गुन्ह्यांचा असतो, घडलेल्या गुन्ह्यांचा नव्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्वतःच अहवालात बजावतो की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठाण्यात गेल्यावर तक्रार लगेच लिहून घेतली जात असेल, तर त्या शहराचा आकडा वाढतो आणि यादीत ते खाली जातं. ‘घरातलं आहे, मिटवून घ्या’ म्हणून परत पाठवत असतील, तर आकडा कमी आणि शहर वर. म्हणजे चांगलं काम करणाऱ्या पोलिसांना शिक्षा आणि लपवणाऱ्यांना बक्षीस. सुरक्षिततेला जितकं वजन वाढवाल तितका हा अन्यायही वाढतो. उत्पन्नाला जास्त वजन द्या म्हणणाऱ्यांचा हा मुद्दा खरा आहे, आणि तो मान्य करायलाच हवा.

आणखी दोन गोष्टी. एका फिर्यादीत अनेक कलमं असली तरी त्यातला सर्वांत गंभीर गुन्हा तेवढा मोजतात, बाकीचे आकडेवारीत दिसत नाहीत. आणि दर काढताना भागायला लागणारी लोकसंख्या २०११ च्या जनगणनेवरून अंदाजाने पुढे आणलेली असते, कारण पुढची जनगणना २०२७ वर गेली आहे. नवरात्रात तुळजापूरला किंवा गुरुपर्वाला नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याशी जमणाऱ्या गर्दीतली पाकीटमारी भागायची मात्र कायम रहिवाशांच्या संख्येने. यात्रेचं गाव असल्याचा तो दंडच आहे.

मग सुरक्षितता मोजायची तरी कशी?

जे लपवता येत नाही ते आधी मोजायचं. खून लपत नाही, मृतदेह लपत नाही. रस्त्यावरचा मृत्यू लपत नाही. दुसरं, लोकांना सरळ विचारायचं: रात्री एकटं चालत जाताना भीती वाटते का? ओईसीडी ही विकसित देशांची संघटना २०११ पासून चांगल्या जीवनाचा जो निर्देशांक काढते, त्यात सुरक्षिततेसाठी नेमक्या याच दोन गोष्टी घेतल्या आहेत, खुनाचं प्रमाण आणि रात्री एकटं चालताना वाटणारी निर्धास्तता. त्याची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. अकरा विषयांची वजनं वाचणाऱ्याने स्वतः ठरवायची असतात. घर, उत्पन्न, नोकरी, शेजार, सुरक्षितता, सगळ्यांचे काटे तुमच्या हातात.

सुरक्षितता म्हणजे चोरी-मारामारीच, की आणखी काही?

आणखी बरंच काही.

२०२२ मध्ये महाराष्ट्रात खुनाचे २,२९५ गुन्हे नोंदले गेले. त्याच वर्षी रस्ते अपघातांत १५ हजारांहून जास्त माणसं गेली, सहापटींपेक्षाही अधिक. आपल्याकडे संध्याकाळी उसाचे दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर मागे दिवा किंवा चमकणारी पट्टी नसताना रस्त्यावर असतात. मोटारसायकलवाल्याला ट्रॉली दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. ज्या यादीत सुरक्षितता म्हणजे फक्त पोलिसांची आकडेवारी, तिच्यात हा मृत्यू कुठेच नाही.

पाणी घ्या. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याच्या आधी, मार्चमध्ये, पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून प्रशासनाने जमावबंदी लावली होती. पाणी ही सुविधा, आणि जमावबंदी ही कायदा-सुव्यवस्था, असे यादीत दोन वेगळे रकाने असतात. लातूरकरांनी ते एकाच रांगेत उभं राहून अनुभवलं. संभाजीनगरचंही तसंच. पैठणला जायकवाडीसारखं धरण असताना शहरात कित्येक दिवसांआड पाणी येतं. ‘किती घरांना नळ’ हा आकडा त्यावर काहीच बोलत नाही.

आणि शेतकरी आत्महत्या. विभागीय आयुक्तालयाच्या नोंदीनुसार २०२३ मध्ये मराठवाड्यात १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. एकट्या बीड जिल्ह्यात २६९. गुन्हेगारीच्या दरात हे मृत्यू येत नाहीत. दरडोई उत्पन्नात तर माणूस गेला की भागायची संख्याच कमी होते. ज्या प्रदेशात माणसाला सगळ्यात मोठा धोका दुसऱ्याच्या हातून नसून कर्जापासून आणि कोरड्या विहिरीपासून आहे, तिथे सुरक्षितता आणि उत्पन्न असे दोन वेगळे कप्पे करणंच अवघड जातं.

हेच तर आम्ही म्हणतो. हातात पैसा असला की सुरक्षितता आपोआप येते. मग उत्पन्नालाच जास्त वजन का देऊ नये?

या बाजूला दम आहे. कमाई असली की बोअर घेता येतो, चांगल्या वस्तीत घर घेता येतं, लेकीला शेअर रिक्षाऐवजी स्कूटी घेऊन देता येते, दवाखान्यासाठी सावकाराच्या दारात जावं लागत नाही. वर सांगितलेले २६९ मृत्यू हे उत्पन्नाच्या बाजूचेच पुरावे आहेत, हेही मी मान्य करतो.

पण दोन ठिकाणी हा युक्तिवाद अडतो. पहिलं, पैशाने विकत घेतलेली सुरक्षितता घरापुरती असते, गल्लीपुरती नसते. कुंपणाच्या आत पहारेकरी ठेवता येतो, चौकातला सिग्नल विकत घेता येत नाही. दुसरं, पैशाचा उपयोग जसजसा पैसा वाढेल तसतसा कमी होतो. संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकात हे १९९० पासून गृहीत धरलेलं आहे. आज तिथे उत्पन्न लॉगरिदम घेऊन मोजतात. त्यामुळे एका लाखाचे दोन लाख होणं आणि दहा लाखांचे वीस लाख होणं याला सारखंच श्रेय मिळतं. शहरांच्या बऱ्याच याद्यांत मात्र उत्पन्न सरळ रुपयांत घेतात. तिथे वरच्या टोकाच्या शहरांना फुकटचे गुण पडतात आणि परभणी, हिंगोलीसारख्या ठिकाणी झालेली खरी सुधारणा दिसतच नाही.

मग तुमचं म्हणणं नेमकं काय? किती टक्के द्यावेत?

टक्क्यांचा घोळ घालण्याआधी रचना बदलावी असं माझं म्हणणं आहे. सुरक्षिततेला इतरांच्या बेरजेत टाकूच नये. तिला आधी किमान पातळी ठेवावी. दहावीला मराठीत ९५ पडले म्हणून गणितातले १२ माफ होत नाहीत, प्रत्येक विषयात पास व्हावं लागतं. शहराचंही तसंच ठेवा. खून, रस्त्यावरचे मृत्यू, बायकांना रात्री वाटणारी निर्धास्तता आणि पिण्याच्या पाण्याची हमी या चारांत किमान पातळी गाठली नाही, तर ते शहर यादीत येणारच नाही, तिथली कंपन्यांची कार्यालयं कितीही उंच असोत. पातळी गाठली की मग उत्पन्नाला भरघोस वजन द्या, माझी काही हरकत नाही.

हे जमत नसेल तर निदान बेरजेऐवजी गुणाकार करा. मानव विकास निर्देशांकाने २०१० पासून तेच केलं आहे, तीन भागांची भूमितीय सरासरी. वरच्या उदाहरणातली दोन शहरं पुन्हा घ्या, वजनं समान ठेवा. ४० गुणिले ९५ याचं वर्गमूळ साधारण ६१.६. ८० गुणिले ५० याचं ६३.२. साध्या सरासरीत मागे असलेलं ‘ब’ शहर आता पुढे. गुणाकारात एका बाजूची मोठी उणीव दुसऱ्या बाजूच्या श्रीमंतीने सहज झाकली जात नाही.

सगळ्यांना समान वजन दिलं की वादच मिटला, नाही का?

समान वजन हाही एक निर्णयच आहे. शिवाय पैशाशी निगडित विषय यादीत तीन-चार असतात: दरडोई उत्पन्न, नोकऱ्या, बँक ठेवी, घरांच्या किमती. प्रत्येकाला समान दिलं तरी पैशाचं एकूण वजन चौपट होतं आणि सुरक्षितता एकटी पडते.

मुलगी नीटच्या तयारीला लातूरला ठेवायची आहे. यादी बघून ठरवू का?

यादी बघून नको. लातूर पॅटर्नमुळे मराठवाड्यातून आणि बाहेरूनही मुलं तिथे येतात. कित्येक आया दोन वर्षं खोली करून लेकरांबरोबर राहतात. अशा घरासाठी लातूरचं दरडोई उत्पन्न किती याला काही अर्थ नाही, कारण तुमचं उत्पन्न गावाकडून येणार आहे. सुरक्षिततेला जवळजवळ सगळं वजन द्या. आणि ती जिल्ह्याची बघू नका, क्लासपासून खोलीपर्यंतच्या रस्त्याची बघा.

रात्री क्लास सुटायच्या वेळी स्वतः जाऊन उभे राहा. मुली घोळक्याने निघतात की एकट्या? वाटेत उघडी दुकानं किती? दिवे कुठे संपतात? मेसमधून डबा घेऊन परतायला कुठली गल्ली लागते? खोलीचा जिना बाहेरून आहे की घरमालकाच्या दारावरून? अभ्यासाच्या ताणाने मूल खचलं तर लक्ष ठेवणारं कोण आहे, हेही सुरक्षिततेतच धरा. हे सगळं बघायला एक संध्याकाळ लागते, आणि कुठल्याही निर्देशांकापेक्षा ती जास्त सांगून जाते.

मुलगा असेल तरी हे बघा. पण बाईची सुरक्षितता आणि पुरुषाची सुरक्षितता एकाच आकड्यात मिसळली की बाईची हरवते, एवढं लक्षात ठेवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत परभणी, बीड, जालना इथे अठराच्या आत लग्न झालेल्या मुलींचं प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त निघालं. शाळा लांब, एसटी वेळेवर नाही, आई-बाप तोडीला गेलेले, म्हणून ‘मुलगी सुरक्षित राहावी’ याच कारणाने अनेक घरं लवकर लग्न लावतात. रस्ता सुरक्षित झाला तर त्या मुलीचं शिक्षण आणि पुढची कमाई दोन्ही वाचते. सुरक्षिततेला वजन देण्याच्या बाजूने याहून मोठा पुरावा माझ्याकडे नाही.

पुण्यात जास्त पगार मिळतोय, संभाजीनगरात वाळूजला कमी. कसं ठरवू?

कागद घ्या. आधी किमान पातळीचे मुद्दे लिहा, ज्यांच्यावर तडजोड नाही. आई-वडिलांच्या दवाखान्याचं अंतर, बायकोच्या कामावरून परतण्याची वेळ, मुलांच्या शाळेचा रस्ता. ज्या ठिकाणी हे बसत नाही ते खोडा. उरलेल्यांत हातात काय उरतं त्याची तुलना करा: पगारातून भाडं, प्रवास, फी वजा. प्रवासाचे तासही लिहा. समृद्धी महामार्गाने संभाजीनगर-मुंबई अंतर आता आवाक्यात आलंय, शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्यात कामं वाढतायत, तेव्हा पाच वर्षांपूर्वीचं गणित आज तसंच धरू नका. शेवटी घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळी वजनं द्यायला सांगा. नवऱ्याची आणि बायकोची यादी वेगळी निघाली तर खरी चर्चा तिथे आहे.

यादीतला क्रमांक दरवर्षी वर-खाली होतो. गाव एवढं बदलतं का?

गाव नाही बदलत. मधल्या शहरांचे गुण एकमेकांना चिकटलेले असतात, अर्ध्या गुणाने दहा जागा सरकतात. क्रमांकाऐवजी गुण बघा.

आमच्या तालुक्यासाठी अशी यादी आम्हीच करू शकतो का?

करू शकता, आणि करायला हवी. दांडेकर समितीचा १९८४ चा अनुशेषाचा अहवाल असो की केळकर समितीचा २०१३ चा, मराठवाड्याचं मागासलेपण नेहमी सिंचन, रस्ते, उत्पन्न अशा मापांनी मांडलं गेलं. ते गरजेचं होतं. त्याच्या शेजारी सुरक्षिततेचं माप आपणच ठेवायचं आहे.

सुरुवात सोपी आहे. राज्याचा गुन्हे अन्वेषण विभाग ‘क्राइम इन महाराष्ट्र’ हा अहवाल काढतो, तो घ्या. संभाजीनगरात शहर आयुक्तालय आणि ग्रामीण पोलीस अधीक्षक असे दोन वेगळे घटक आहेत, आकडे मिसळू नका. तालुक्यातले अपघाती मृत्यू पोलीस ठाण्याकडून माहिती अधिकारात मागता येतात. टँकर किती गावांना लागले हे तहसीलला मिळतं. लोकांना विचारायचे प्रश्न दोन-तीनच ठेवा आणि बायकांना बायकांनीच, घरातले पुरुष समोर नसताना विचारावेत. तोडीला गेलेल्या कुटुंबांना विचारायचं तर सर्वेक्षण पावसाळ्यात घ्या. जानेवारीत गावात गेलात तर निम्म्या दारांना कुलूप असेल.

तक्रार नोंदवली तर आमच्या गावाचं नाव खराब होईल, म्हणून गप्प बसावं असं सरपंच म्हणतात.

बसू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही खबर देता येते, फक्त तीन दिवसांच्या आत सही करावी लागते. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते, ती घेऊनच निघा. ठाण्याने नोंदवून घ्यायला नकार दिला तर तीच खबर लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येते, आणि तिथेही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.